सीमेवरच्या कॅमेरा-रडार खरेदीवर नजर कोणाची?

कुंपणकाठी: सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मूत साडेपाच-साडेपाच किलोमीटरच्या दोन पट्ट्यांवर ‘स्मार्ट कुंपण’ सुरू झालं. मार्च २०१९ मध्ये आसामात धुब्रीला, ब्रह्मपुत्रेच्या ६१ किलोमीटर भागासाठी, बोल्ड-क्यूआयटी ही तशीच टेहळणी यंत्रणा. ही खरेदी नीट झाली का, हे तपासतं कोण? बीएसएफला माहिती अधिकार लागू नाही म्हणतात, मग आपण बघायचं काय?

तांबडा शेरा: अर्धंच खरं आहे. कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीमुळे बीएसएफला सूट आहे, पण भ्रष्टाचाराच्या आरोपांशी संबंधित माहितीला ती सूट नाही. शिवाय गृह मंत्रालय त्या अनुसूचीत नाहीच. अर्ज तिथल्या सीमा व्यवस्थापन विभागाकडे करा, शुल्क १० रुपये. फक्त मंत्रालयाच्या स्वतःच्या फायलीतलंच मागा, नाहीतर कलम ६(३) दाखवून अर्ज बीएसएफकडे पाठवतील आणि तिथे कलम २४ तयारच असतं. ‘कॅमेरे कुठे आहेत’ हे विचारू नका, सुरक्षेच्या कारणाने लगेच नकार येतो. निविदा किती आल्या, तांत्रिक छाननीत किती बाद झाल्या, मुदतवाढ किती वेळा दिली, उशिराचा दंड कापला का, हे विचारा.

बाकी कॅग आणि २२ खासदारांची लोकलेखा समिती आहे, पण दोघांचंही काम पैसे खर्च झाल्यावरचं. त्याआधीचं काही हवं असेल तर गृह खात्याच्या संसदीय स्थायी समितीचे अनुदान मागण्यांवरचे अहवाल वाचा. त्यांच्या कार्यवाही अहवालात मंत्रालयाची उत्तरंही छापलेली असतात.

क्यूआर_वाचक: निविदेवर सगळ्यांची नजर असते, घोळ तिच्या आधी आणि नंतर होतो. आधी क्यूआर, म्हणजे गुणवत्तेचे निकष. कॅमेऱ्याची लेन्स, वजन, पल्ला अशा बारीक आकड्यांत लिहिले की एकच कंपनी बसते आणि कागदावर मात्र स्पर्धा दिसते. नंतर जागेवरची स्वीकृती चाचणी. ती कोरड्या हवेत घेतली, तर धुक्यात थर्मल कॅमेऱ्याचा पल्ला किती घटतो आणि उंच गवत हललं की किती खोटे इशारे येतात, हे कळतच नाही. देखभाल करार आणि सुटे भाग मूळ किमतीत धरले नसतील, तर हमी संपल्यावर यंत्रं नुसती उभी राहतात.

आडवाट: याचा धडा अमेरिकेच्या एसबीआयनेट या सीमा-टेहळणी प्रकल्पात आहे. सप्टेंबर २००६ मध्ये बोईंगला कंत्राट मिळालं. ॲरिझोनात आधी २८ मैलांवर नऊ मनोरे उभारले, पण पावसानेही रडार इशारे देऊ लागलं. गस्त घालणाऱ्यांना मागण्या ठरवताना पुरेसं विचारलंच नव्हतं. तिथल्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे गाओने, २०१० मध्ये दाखवलं की चाचणी-पद्धतींपैकी सुमारे ७० टक्के चाचणी चालू असतानाच बदलल्या होत्या. जानेवारी २०११ मध्ये प्रकल्प बंद झाला, तोवर ५३ मैलांवर सुमारे १ अब्ज डॉलर गेले होते.

कुंपणकाठी: म्हणजे मी चाचणी अहवाल मागू?

क्यूआर_वाचक: अख्खा अहवाल देणार नाहीत. चाचणी कोणत्या महिन्यात झाली, समितीत प्रत्यक्ष वापरणाऱ्या तुकडीचा अधिकारी होता का, आणि निविदेतले निकष नंतर शिथिल केले का, एवढंच मागा. कॅमेऱ्याची जागा यात कुठेच उघड होत नाही, त्यामुळे सुरक्षेचं कारण पुढे केलं तरी पहिल्या अपिलात तुमची बाजू भक्कम राहील. अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करा.