जास्वंदीच्या फुलात पुंकेसर आणि अंडाशय नेमके कुठे असतात?

शंकाखोर_आई
मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात फुलाची आकृती आहे, निदलपुंज (बाहेरची हिरवी निदलं), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर म्हणजे नर भाग), जायांग (स्त्रीकेसर म्हणजे मादी भाग, त्याच्या बुडाशी अंडाशय) असे चार भाग. म्हटलं खरं फूल कापूनच दाखवू म्हणून जास्वंद घेतली तर काहीच जुळेना. आकृतीत मधे स्त्रीकेसर आणि भोवती पुंकेसर सुटे सुटे उभे, इथे मात्र मधून एकच लांब दांडी बाहेर येतेय, तिच्यावर पिवळे ठिपके आणि टोकाला पाच लाल गोंडे. मग ही दांडी पुंकेसर की स्त्रीकेसर? शिवाय खाली हिरवे दोन घेर आहेत, एक पेल्यासारखा आणि त्याच्याखाली बारीक पानांचा, दोन्ही निदलपुंजच का? अंडाशय तर सापडलाच नाही. प्लीज कोणीतरी नीट समजवा.

परागवेडा
दोन्ही आहे, एकात एक! जास्वंदीत सगळ्या पुंकेसरांचे दांडे एकमेकांना चिकटून त्यांची नळी होते, तुम्हाला दिसली ती दांडी म्हणजे ही नळी. पिवळे ठिपके म्हणजे परागकोश, बोट फिरवलं की पिवळी भुकटी लागते ते परागकण. आता ब्लेडने नळीचा फक्त वरचा थर उभा चिरा (हे मोठ्यांनीच करा), आत दोऱ्यासारखा बारीक कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, निघेल. तो नळीतून वर येतो आणि टोकाला पाच फाटे फुटतात, तुमचे लाल गोंडे म्हणजे पाच कुक्षी. भिंगातून बघा, त्यांच्यावर मखमलीसारखी लव असते, पराग तिथेच अडकतात.

अंडाशयासाठी दुसरं फूल घ्या आणि पाकळ्या धरून हळूच ओढा. पाकळ्या बुडाशी नळीला जोडलेल्या असतात त्यामुळे नळीसकट सगळं सुटून येतं आणि हिरव्या पेल्यात एक फिकट कणी राहते, तोच अंडाशय. आडवा कापला की पाच कप्पे आणि आत पांढरे बारीक दाणे, ती बीजांडं, ज्यांच्या पुढे बिया होतात. पेल्यासारखा आहे तो खरा निदलपुंज, कळी असताना आतलं सगळं तोच झाकून ठेवतो. खालचा बारीक पानांचा घेर जादाचा आहे, जास्वंदीच्या कुळातल्या बऱ्याच झाडांना असतो.

हिरवा_कोपरा
वरचं सगळं बरोबर, पण माझं मत विचाराल तर पहिल्यांदा दाखवायला लिली घ्यावी. सहा पुंकेसर एकदम सुटे, परागकोश मोठाले आणि मधे स्त्रीकेसर स्पष्ट. अडचण एकच, तिथे निदलं आणि पाकळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे मुलांना सहा पाकळ्या वाटतात, खरं म्हणजे बाहेरच्या तीन निदलांच्या जागी असतात.

आणि नुसती नावं पाठ करून घेऊ नका हो, प्रत्येक फुलात तीनच गोष्टी शोधायला सांगा, पराग कुठे तयार होतो, तो पडायला हवा कुठे आणि बीजांडं कुठे आहेत. हे कळलं की आकृतीशी न जुळणारं फूलसुद्धा वाचता येतं. मक्याचं कणीस बघा, त्याचे ते लांब केस म्हणजे कुक्षी आणि कुक्षीवृंत, एका केसाचा एकच दाणा! केसावर पराग पडला की त्यातून परागनलिका फुटते, ती केसाच्या आतून खाली थेट बीजांडापर्यंत जाते तेव्हा कुठे दाणा भरतो. कणसात मधे मधे दाणे नसतात ना, तिथे बहुतेक वेळा त्या केसाला पराग मिळालेलाच नसतो.

वेलवाला
यात एक भर घालतो, सगळ्या फुलांत चारही भाग असतातच असं नाही. भोपळ्याच्या वेलाला नर फुलं वेगळी आणि मादी वेगळी. मादी फुलाच्या खाली छोटासा भोपळा आधीपासूनच दिसतो, तो अंडाशय, नर फुलाखाली नुसता देठ. लोक म्हणतात फुलं येतात पण फळ धरत नाही, तर सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात आणि ती गळणारच, त्यात रोगबिग काही नाही. मात्र मादी फूल आलं आणि मधमाश्या फिरकत नसतील तर नर फूल तोडून त्याचे पराग सकाळीच मादी फुलाच्या कुक्षीवर लावायचे, कारण ही फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटायला लागतात.

शंकाखोर_आई
सापडला अंडाशय! पाच कप्पे मुलीने स्वतः मोजले, खूप खूप आभार सगळ्यांचे. आता तिचा नवीन प्रश्न, सगळे भाग आहेत तर मग जास्वंदीला फळ का लागत नाही?

परागवेडा
मस्त प्रश्न विचारलाय तिने. बागेतल्या जास्वंदी बऱ्याचशा संकरित असतात, त्यांच्यात बी सहसा धरत नाही, फूल उमलून एखाद्या दिवसात गळून जातं. म्हणून तर जास्वंद फांदी लावून वाढवतात. अंडाशयाचं फळ होताना दाखवायचं असेल तर भेंडीचं झाड बघा, ती जास्वंदीच्याच कुळातली, फुलात तशीच नळी आणि तसेच परागकोश. पाकळ्या गळल्यावर रोज बघत राहिलात तर अंडाशय लांब होत जाताना दिसेल, भेंडी म्हणतो ती हीच. आडवी कापून दाखवा, कप्पे बहुतेक पाचच निघतील आणि आतल्या बिया म्हणजे तीच बीजांडं, फलन होऊन मोठी झालेली.