वुदरिंग हाइट्स : हीथक्लिफचा सूड ऐन वेळी विझतो कसा?

सांजवात

मंडळी, कॉलेजात असताना एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स' या कादंबरीची एक संक्षिप्त आवृत्ती वाचली होती. त्यात नायिका कॅथरीन गेली की गोष्ट जवळपास आटोपते. त्यामुळे इतकी वर्षं माझ्या डोक्यात ती एक अधुरी प्रेमकहाणीच होती. गेल्या महिन्यात पहिल्यांदा अख्खी कादंबरी वाचली आणि हादरलेच. ३४ प्रकरणांपैकी सोळाव्यातच कॅथरीन मरते! पुढचं अर्धं पुस्तक तिच्या घरात वाढलेला, तिच्यावर जीव असलेला अनाथ हीथक्लिफ पुढच्या पिढीला छळत राहतो.

मला अडलंय ते इथे. इतकी वर्षं तो जाळं विणतो. कॅथरीनचा भाऊ हिंडली मेला, नवरा एडगर लिंटन मेला, दोन्ही घरं ताब्यात आली, दोन्ही घराण्यांची मुलं मुठीत आहेत. आता फक्त शेवटचा घाव घालायचा. आणि तेव्हाच तो घरकाम पाहणाऱ्या नेलीला सांगतो की हात उचलायची इच्छाच उरली नाही. खाणंपिणं सुटतं, काही दिवसांत मरून जातो. मी पानं मागे उलटून पाहिली, मध्ये काही वाचायचं राहिलं की काय. लेखिकेला शेवट जमला नाही, की माझ्याच लक्षात काही आलं नाही?

आणखी एक. माझी एक मैत्रीण म्हणते की ही गोष्ट कुठेही घडली असती, यॉर्कशरचं ते वारं आणि ओसाड माळ नुसती सजावट आहे. मला हे अजिबात पटत नाही, पण तिला धड उत्तरही देता येईना. ज्यांनी ही कादंबरी मनापासून वाचली आहे त्यांनी कृपया लिहा.

कागदवाचक

सांजवातताई, लेखिकेला शेवट जमलाय. पण तो कळायला मला तीन वाचनं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी सगळी नोकरी वकिलाच्या ऑफिसात झाली. गहाणखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं वाचायची, चुका काढायच्या, हेच काम. तिसऱ्या वाचनात हीथक्लिफच्या आरडाओरड्यापेक्षा त्याच्या कागदांकडे माझं लक्ष गेलं. नीट पाहा, पिस्तुलाला सुरी जोडून रात्री दबा धरून बसतो तो हिंडली. हीथक्लिफ त्याला मारतो, रक्तबंबाळ करतो, हे खरं. पण त्याला संपवायचं काम गहाणखताने केलेलं आहे. बायको गेल्यापासून हिंडली दारू आणि जुगारात बुडालेला. हीथक्लिफ त्याच्याशी खेळतो, पैसे पुरवतो आणि जमीन लिहून घेतो. जेमतेम सत्ताविसाव्या वर्षी हिंडली मरतो तेव्हा त्याच्या मालकीची जमीन यच्चयावत गहाण पडलेली असते, आणि धनको कोण, तर हीथक्लिफ. हिंडलीचा मुलगा हेअरटन आपल्याच घरात बिनपगारी गडी होतो.

हा हेअरटन नीट लक्षात ठेवा. वुदरिंग हाइट्सच्या, म्हणजे अर्नशॉ घराण्याच्या घराच्या, दारावर दगडात '१५००' हे साल आणि 'हेअरटन अर्नशॉ' हे नाव कोरलेलं आहे. म्हणजे घर बांधणाऱ्या पूर्वजाचं नाव या पोराला मिळालंय, आणि त्याला ते वाचता येत नाही. पुढे तो धडपडत तेवढं नाव वाचायला शिकतो आणि मोठ्या अभिमानाने कॅथरीनच्या मुलीला, छोट्या कॅथीला, वाचून दाखवतो. ती विचारते, आणि आकडे? तो म्हणतो, ते अजून येत नाहीत. कॅथी हसते. मी असली माणसं टेबलापलीकडे बसलेली पाहिली आहेत. जमीन ज्यांची, त्यांनाच कागदावरचं आपलं नाव वाचता येत नाही. ते पान वाचताना माझ्या घशात आवंढा आला होता.

थ्रशक्रॉस ग्रेंजचं, म्हणजे लिंटनांच्या घराचं, प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. एडगरच्या वडिलांनी, थोरल्या लिंटनसाहेबांनी, इस्टेटीची व्यवस्थाच अशी लावलेली की एडगरला मुलगा झाला नाही तर ती त्याच्या मुलीकडे न जाता बहिणीकडे, इझाबेलाकडे जावी. हीथक्लिफ इझाबेलाला पळवून लग्न करतो त्यात प्रेमाचा अंश नाही, हा वारसाहक्क आहे. मग तो आपल्या मरणपंथाला लागलेल्या मुलाचं, लिंटनचं, कॅथीशी बळजबरीने लग्न लावतो. एडगर मृत्युशय्येवरून वकिलाला बोलावतो, मुलीच्या वाट्याचे पैसे विश्वस्तांकडे सोपवावेत म्हणून. वकील वेळेवर येतच नाही, कारण तो हीथक्लिफने आधीच विकत घेतलेला असतो. त्या काळच्या इंग्लंडात बायकोची जंगम मालमत्ता लग्नाबरोबर नवऱ्याची होई. हा कायदा खऱ्या अर्थाने बदलला तो १८८२ साली. लिंटनकडून सगळी जंगम मालमत्ता हीथक्लिफ स्वतःच्या नावे मृत्युपत्राने लिहून घेतो. मुलगा अल्पवयीन असल्याने त्याला जमिनीचं मृत्युपत्र करता येत नव्हतं, ती हीथक्लिफ हक्क सांगून बळकावतो. सी. पी. सँगर नावाच्या बॅरिस्टरने १९२६ साली या कादंबरीतल्या तारखा आणि कायदा दोन्ही तपासून एक निबंध लिहिला. तारखा एकमेकींना किती नेमक्या जुळतात हे तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. एका पाद्र्याच्या घरात वाढलेल्या, तिशीही न गाठलेल्या मुलीने हे लिहिलंय. मला आजही त्याचं नवल वाटतं.

आता तुमचा प्रश्न. सगळे कागद पुरे झाले, मग सूड का विझला? कारण त्याला जे हवं होतं ते कुठल्याच कागदात नव्हतं. तो आणि कॅथरीन लहानपणी दिवसभर बाहेर माळावर असायची. ते त्यांचं खरं घर होतं, आणि ते कुणाच्याच नावावर नव्हतं. कॅथरीन नेलीला आपलं स्वप्न सांगते ते आठवा. ती स्वर्गात पोचलेली असते आणि तिथे तिचं मन रमत नाही. रडून रडून ती देवदूतांना इतका वात आणते की ते चिडून तिला खाली फेकतात, ती थेट हाइट्सच्या वरच्या माळावर, आणि आनंदाने रडत जागी होते. मैत्रिणीला विचारा, या स्वप्नातून माळ काढला तर काय शिल्लक राहतं?

त्याच प्रकरणात ती म्हणते, एडगरवरचं प्रेम रानातल्या पानांसारखं आहे, ऋतू बदलला की बदलेल, आणि हीथक्लिफवरचं खालच्या खडकासारखं. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण पुढे हिंडलीच्या मरणानंतर हीथक्लिफ लहानग्या हेअरटनला उचलून टेबलावर उभा करतो आणि म्हणतो, तेच वारं लागलं की दुसरं झाडही तसंच वाकडं होतं का ते बघू या. पहिल्याच प्रकरणात आपण ती झाडं पाहिलेली असतात. घराच्या कडेची खुरटलेली फरची झाडं वाऱ्याने एका अंगाला कललेली, काटेरी झुडपं उन्हाची भीक मागत असल्यासारखी एकाच बाजूला हात पसरून उभी. प्रेमाला खडक आणि सुडाला वाकलेलं झाड. दोन्हीसाठी एमिली ब्राँटे त्याच डोंगरावरच्या वस्तू उचलते. याला सजावट कसं म्हणायचं?

आणि हीथक्लिफचा हिशेब चुकतो तो इथेच. झाड वाकत नाही! हेअरटनला त्याने जनावरासारखं वाढवलं, पण पोराच्या मनात त्याच्याबद्दल मायाच आहे. शेवटच्या भागात एका संध्याकाळी हेअरटन आणि कॅथी पुस्तक वाचत बसलेली असतात. हीथक्लिफ अचानक आत येतो. दोघं एकदम मान वर करतात, आणि दोघांचे डोळे एकच असतात, कॅथरीनचे. तो हेअरटनच्या हातातलं पुस्तक घेतो, उघड्या पानावर नजर टाकतो आणि काही न बोलता परत देतो. ताई, हाच तो शेवटचा घाव घालायचा क्षण. ज्याला त्याने मुद्दाम अडाणी ठेवलं त्याच्या हातातून पुस्तक त्याने काढून घेतलं होतं, आणि परत दिलं. सूड विझल्याची कबुली तो त्यानंतर देतो.

निळीसावली

कागदवाचक, प्रतिसाद फार आवडला. तरी एक कळकळीने लिहिते. सूड विझला म्हणून हीथक्लिफला जवळ करायची घाई आपण वाचक फार करतो. इझाबेला त्याच्याबरोबर पळून जाते त्या रात्री तो तिच्या लहान कुत्रीला रुमालाने फास लावून टांगतो. नेली तिला वेळेवर सोडवते म्हणून ती वाचते. इझाबेलाने त्याचं काय बिघडवलं होतं?

आणि हा क्रूरपणा नंतर आला असंही नाही. बारावं प्रकरण पुन्हा वाचा. तापाने भ्रमलेली कॅथरीन उशी दातांनी फाडते आणि आतली पिसं काढून चादरीवर पाखरांप्रमाणे वेगवेगळी मांडत जाते. हे टर्कीचं, हे रानबदकाचं, हे पारव्याचं. मग टिटवीचं पीस हाती लागतं आणि तिला आठवतं. हीथक्लिफने टिटवीच्या घरट्यावर सापळा लावला होता, आईबाप भीतीने जवळ येईनात, आणि हिवाळ्यात या दोघांनी पाहिलं तर घरट्यात नुसते पिल्लांचे सांगाडे. तेव्हा तिने त्याच्याकडून वचन घेतलं की पुन्हा टिटवी मारायची नाही, आणि त्याने ते पाळलं.

पुढे त्याने काय वेगळं केलं? आईबापांना पिल्लांपासून तोडलं आणि घरट्याकडे बघत बसला. लिंटन, कॅथी, हेअरटन, तिघंही त्या घरट्यातली. वचन घेणारी मेल्यावर त्याला अडवणारं कुणी उरलं नाही. मला त्यांच्या प्रेमाचं मोल या टिटवीत दिसतं, खडकाच्या वाक्यात नाही.

गलबत

सेटिंगचा विषय निघालाय म्हणून लिव्हरपूलची आठवण करून देतो. कॅथरीनचे वडील, थोरले अर्नशॉ, तिथे साठ मैल चालत जातात आणि साठ मैल चालत परततात. हिंडलीने व्हायोलिन मागितलेलं, कॅथरीनने चाबूक. त्यांच्या कोटातून एक पोर निघतं, तोच हीथक्लिफ, व्हायोलिन मोडून गेलेलं आणि चाबूक वाटेतच हरवलेला. लिंटनसाहेब पहिल्यांदा पाहतात तेव्हा म्हणतात, हा एखादा लास्कर असेल, नाहीतर अमेरिकेतून-स्पेनमधून वाहत आलेला कुणी. लास्कर म्हणजे इंग्रजी जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. तो नक्की कोण हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. त्याला मिळतं ते अर्नशॉंच्या मेलेल्या मुलाचं नाव, आडनाव नाहीच. हीथ म्हणजे तो माळ, क्लिफ म्हणजे कडा. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्याला नाव दिलंय ते जमिनीचं.

सांजवात

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. टिटवीचं पान मी भराभर वाचून पुढे गेले होते, काल रात्री ते पुन्हा वाचलं आणि झोप लागेना. निळीसावली, तुमचं म्हणणं पटलं, आणि तरीही शेवटी त्याचा राग येत नाही, हे कसं होतं तेच कळत नाही.

कागदवाचक, तो मरतो ती खोली म्हणजे भाडेकरू लॉकवुडला सुरुवातीला भूत दिसतं तीच ना?

कागदवाचक

हो, तीच पेटीसारखी लाकडी झोपायची जागा, तीच खिडकी. तिसऱ्या प्रकरणात लॉकवुड काच फोडून हात बाहेर घालतो, बर्फासारखा गार चिमुकला हात त्याला धरतो, 'मला आत घ्या' म्हणून विनवतो. हा सभ्य शहरी माणूस घाबरून ते मनगट फुटलेल्या काचेवर घासतो, इतकं की रक्ताने अंथरूण भिजतं. भुताला रक्त! आता शेवट पाहा. नेलीला हीथक्लिफ सापडतो तेव्हा खिडकी उघडी असते, पाऊस त्याच्या तोंडावर आलेला, झडप आपटून चौकटीवरच्या हाताला खरचटलेलं, आणि रक्ताचा थेंब नाही. मेलेल्या मुलीच्या हातातून रक्त वाहिलं, आणि कालपर्यंत जिवंत असलेल्या माणसाच्या हातातून नाही. आत यायला रडणारी एक आणि बाहेर जायला खिडकी उघडून पडलेला एक. मैत्रिणीला ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

निळीसावली, टिटवीबद्दल हार मानली. माझं सगळं लक्ष कागदांवर होतं.

अवांतर: ब्राँटेंच्या हॉवर्थ गावाजवळ टॉप विदन्स नावाचं एक पडकं शेतघर आहे, लोक तेच वुदरिंग हाइट्स समजून बघायला जातात. तिथे ब्राँटे सोसायटीने १९६४ साली पाटी लावलीय. ते घर धड असतानाही कादंबरीतल्या घराशी त्याचं साम्य नव्हतं, मात्र आजूबाजूचा माळ एमिलीच्या मनात असू शकेल, असं त्या पाटीवर लिहिलंय.

सांजवात

आज परत वाचायला घेतेय, या वेळी रोज एकच प्रकरण. एक अडचण आहे. म्हातारा नोकर जोसेफ त्याच्या यॉर्कशरच्या बोलीत बोलायला लागला की मला ओ की ठो कळत नाही. ते परिच्छेद सोडले तर चालतील का?

निळीसावली

सोडू नका. शेवटी कॅथीच्या सांगण्यावरून हेअरटन फुलांसाठी वाफा करताना जोसेफची ब्लॅककरंटची झुडपं उपटून टाकतो, तेव्हा हा म्हातारा ढसाढसा रडतो आणि घर सोडून जायला निघतो. ते चुकवू नका. १८५० च्या आवृत्तीत एमिलीची बहीण शार्लट ब्राँटेने त्याची बोली बरीच सोपी केली होती, कारण बाहेरच्या वाचकांना ती कळणार नाही असं तिलाही वाटलं. तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे ते आधी बघा. १८४७ ची संहिता असेल तर त्याची वाक्यं मोठ्याने वाचा. डोळ्यांना जे कळत नाही ते कानाला बऱ्यापैकी कळतं, मी तसंच केलं होतं.