मदत हवी: एमजी आहे, संध्याकाळी हातच वर जात नाहीत

शिवण_शाहूपुरी:
सरळ विचारतो. एमजी आहे, गोळ्या चालू आहेत. सकाळी बरं असतं. पाचनंतर हात खांद्याच्या वर जात नाहीत, पापणी खाली येते, सुईत दोरा ओवायला गेलं की दोन सुया दिसतात. लगीनसराई तोंडावर आलीय, ब्लाऊजांचा ढीग पडलाय आणि डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या. गिऱ्हाईक दारात उभं असताना विश्रांती कुठनं घेऊ? दिवसभर ताकद कशी पुरवायची तेवढं सांगा. "मन खंबीर ठेवा" वगैरे नको. जरा लवकर.

रंकाळा_फेरी:
एमजी म्हणजे ती गाडी ना? गाडीचा आणि हाताचा संबंध कळला नाही.

शिवण_शाहूपुरी:
मायस्थेनिया ग्रॅव्हिस. आजारांच्या विभागात येऊन गाडी कशाला विचारीन मी?

निवृत्त_कंपाउंडर:
साहेब, वय काय? कोणती गोळी, किती वाजता? नुसत्या "गोळ्या चालू"वरून आम्ही काय सांगणार?

शिवण_शाहूपुरी:
साहेब नव्हे, बाई आहे मी. वय त्रेचाळीस. 60ची गोळी तीन वेळा, शिवाय सकाळी स्टिरॉइड. वेळेचं काय त्यात, जेवणानंतर घेतो, सगळे घेतात तसं.

माहेर_उत्तरेश्वर:
"विचारतो" वाचलं आणि लगेच ओळखलं, कोल्हापूरच्या तुम्ही. मी पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, अजून "मी आलो" म्हणतो आणि नणंदा हसतात. हसू देत.

इचल_मास्तर:
ताई, मलाही हाच आजार आहे, शाळेत शिकवतो. तिसऱ्या तासाला आवाज नाकातून यायला लागायचा. मुलांना वाटायचं सर्दी झालीय.
60ची म्हणजे पायरिडोस्टिग्मिन असणार. ती घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं लागते आणि तीन-चार तासांत उतरते. आपल्याकडे नसेकडून स्नायूला निरोप जातो तिथं अडथळा असतो. निरोप घेणाऱ्या जागाच शरीरातल्या प्रतिपिंडांनी, म्हणजे अँटिबॉडीजनी, अडवलेल्या असतात. गोळी तो निरोप थोडा जास्त वेळ टिकवते, बस. रोगावर तिचा इलाज नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. घड्याळ लावून सांगा, नक्की किती वाजता घेता?

शिवण_शाहूपुरी:
सकाळी नवाला, दुपारी एकला, रात्री जेवून दहाला.

इचल_मास्तर:
मग बघा. एकची गोळी साडेचार-पाचला संपली. पाच ते दहा तुम्ही गोळीशिवायच चालवताय आणि तेव्हाच बायका माप द्यायला, ट्रायलला येत असणार. दहाची गोळी लागते तेव्हा तुम्ही झोपलेल्या. रात्री जेवताना जबडा दमतो का?

शिवण_शाहूपुरी:
भाकरी चावत नाही, आमटीत कुस्करून खातो. दात हलतोय म्हणून असेल असं वाटत होतं. पण जेवणाचं कुठं विचारलं मी, हाताचं विचारलं.

इचल_मास्तर:
एकच आहे ते. हात, पापणी, जबडा, सगळ्यांना तीच गोळी पुरवायची आहे. आमच्या डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगितली, म्हणजे चावताना-गिळताना गोळी चालू असते. रिकाम्या पोटी मुरडा येतो म्हणून सोबत दोन बिस्किटं. तुमच्या वेळा तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांनाच विचारून बदला. मनानं एक गोळी वाढवू नका. जास्त झाली तर जुलाब, तोंडाला लाळ, अंगात फडफड, आणि त्यातही पुन्हा अशक्तपणाच येतो. मग कळत नाही गोळी कमी पडली की जादा झाली.

तालीम_मंगळवारपेठ:
मी सांगतो ऐका आक्का. हे सगळं बसून राहण्यानं होतं. पहाटे उठून रंकाळ्याला एक फेरी, गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध, हळूहळू बैठका वाढवायच्या. आणि मॅग्नेशियमची पावडर घ्या, आमच्या पोरांचे पायातले गोळे आठवड्यात गेले.

निवृत्त_कंपाउंडर:
अहो पैलवान, मॅग्नेशियम नको! ह्या आजारात मॅग्नेशियमनं तोच निरोप आणखी दाबला जातो. शिरेतून दिलं तर फारच धोका, पण पावडरीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तुमच्या पोरांचे गोळे वेगळे, ह्यांचं वेगळं.

तालीम_मंगळवारपेठ:
दुधातही मॅग्नेशियम असतं. आता दूधपण बंद करा म्हणा.

निवृत्त_कंपाउंडर:
दुधाला कोण काय म्हणालं? डबीतल्या पावडरीचं बोलतोय.

माहेर_उत्तरेश्वर:
कट्ट्यावरच्या दुधाचा विषय काढलात आणि भूक लागली. म्हशी अजून मिरजकर तिकटीला येतात का हो?

तालीम_मंगळवारपेठ:
येतात की. या एकदा.

घरचा_वैद्य:
मूळ कारण प्रतिकारशक्ती कमी होणे. गुळवेल, अश्वगंधा, तुळशीचा काढा दोन वेळा. मी स्वतः करोनात घेत होतो, साधी शिंकसुद्धा आली नाही.

इचल_मास्तर:
काका, इथं प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती आपल्याच अंगावर उलटलीय. म्हणून तर स्टिरॉइड देऊन तिला दाबतात. ती वाढवायचे काढे ह्यांना सुचवू नका.

घरचा_वैद्य:
फार जुनं शास्त्र आहे. तुम्ही गोळ्यांवरच जगा.

सही_शिक्का:
ताई, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ते कार्ड काढलं का? 2016च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वाचे प्रकार 7वरून 21 झाले, मज्जासंस्थेचे जुने आजारही त्यात आले. ऑनलाइन अर्ज भरायचा, फोटो, आधार, जुने रिपोर्ट, मग तपासणीची तारीख येते. मी अनेकांचे भरून दिलेत.

शिवण_शाहूपुरी:
कार्ड विचारलंच नाही मी. मला ब्लाऊज पुरे करायचेत.

भावाची_ताई:
माझ्या भावाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. त्याला फिजिओथेरपीनं आखडलेपणा कमी झाला. तुम्हीही सुरू करा.

इचल_मास्तर:
डिस्ट्रॉफीत स्नायूच झिजतो. आमचा स्नायू शाबूत असतो, वापरला की थकतो आणि थांबलं की परत उठतो. म्हणून युक्ती एवढीच की दमायच्या आधी थांबायचं. दमल्यावर थांबलं तर भरून यायला फार वेळ लागतो.
मला उपयोगी पडलेलं लिहितो, शिवणकामाला लावून बघा. कटिंग सकाळी, गोळी लागल्यावर. टेबल एवढं उंच की कोपरं टेकून कात्री चालेल, हात अधांतरी नको. हेमिंग, काजं-बटणं खाली बसून, मांडीवर उशी घेऊन. दोन दिसायला लागलं की चष्म्याच्या एका काचेला कागदी चिकटपट्टी, म्हणजे सुई एकच दिसते. फक्त तसं जिन्यावर फिरू नका, अंतराचा अंदाज चुकतो. इस्त्री दुपारी नको, उष्णतेनं हा आजार चेव धरतो. कढत पाण्याची आंघोळही त्यातच. आणि ट्रायलची वेळ अकरा ते एक करा. दारावर पाटी लावा, बायका ऐकतात.

शिवण_शाहूपुरी:
पाटी लावतो. कोपरं टेकायचं ध्यानातच आलं नव्हतं. पण हे सगळं इतकं नव्हतं ओ आधी. खोकला झाला त्यानंतर वाढलंय.

निवृत्त_कंपाउंडर:
खोकला? हे आत्ता सांगताय? औषध काय घेतलं?

शिवण_शाहूपुरी:
गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेला कोर्स. पाकिटावर ॲझिथ्रो असं काहीतरी होतं. खोकला गेला त्यानं.

निवृत्त_कंपाउंडर:
खोकला गेला, हे मागे ठेवून गेला. ॲझिथ्रोमायसिन, सिप्रो-लेव्होफ्लॉक्सासिनची जात, जेंटामायसिनचं इंजेक्शन, हिवतापाच्या क्विनिनसारख्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या, ह्या आजारात सांभाळून द्यायच्या असतात. नुसत्या खोकल्या-तापानंही हा आजार उचल खातो. चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवा: "मला मायस्थेनिया आहे." दाताच्या डॉक्टरांनाही दाखवायची.

इचल_मास्तर:
ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा. उताणं झोपलं की दम लागतो का?

शिवण_शाहूपुरी:
हल्ली दोन उश्या घेतो. स्टिरॉइडनं वजन वाढलंय, त्यानं असेल.

इचल_मास्तर:
पूर्ण श्वास घ्या आणि एका दमात मोठ्यानं आकडे मोजा. कुठवर जाता?

शिवण_शाहूपुरी:
आता हे काय. सोळाला थांबलो. पाणी पितानाही कधी ठसका लागतो.

निवृत्त_कंपाउंडर:
ताई, मशीन बंद करा आणि निघा. घरचं कुणी सोबत घ्या, एकटीनं स्कूटी काढू नका. वीसच्या आत थांबलात, आडवं झोपवत नाही, ठसका लागतो. ही संध्याकाळची दमणूक नव्हे, श्वासाचे स्नायू दमताहेत. जिथं न्यूरोचे डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग दोन्ही आहेत तिथंच जा. ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसला म्हणून परत फिरू नका, ह्यात तो शेवटी उतरतो.

तालीम_मंगळवारपेठ:
आक्का, मी मंगळवार पेठेत आहे, गाडी आहे. निरोप टाका, दहा मिनिटांत येतो. पावडरीचं सोडा.

शिवण_शाहूपुरी:
उद्या सकाळी गेलं तर चालंल का? दोन ब्लाऊज आज द्यायचेत.

भावाची_ताई:
नाही चालणार!!

इचल_मास्तर:
आत्ता. आणि औषधांची पाकिटं सगळी पिशवीत घालून न्या, ते ॲझिथ्रोचंसुद्धा.

सही_शिक्का:
जुने रिपोर्टही न्या. पुढे कार्डालाही लागतात.

रंकाळा_फेरी:
माझ्या मेहुण्याला मानेचा त्रास आहे, त्याचेही हात वर जात नाहीत. त्यानंही आकडे मोजावेत का?

निवृत्त_कंपाउंडर:
मेहुण्यासाठी वेगळा धागा काढा हो.

शिवण_शाहूपुरी:
दवाखान्यातून लिहितोय, पोरगी टाईप करतीय. नळीत फुंकायला लावलं, आकडा कमी आला, ठेवून घेतलंय. प्रतिपिंडांवरचं इंजेक्शन शिरेतून चालू केलंय, महागडं आहे. गोळीच्या वेळा बदलून लिहून दिल्या, संध्याकाळी साडेचारची नवीन आलीय. थायरॉइडपण तपासायला घेतलं, ह्या आजाराबरोबर ते बऱ्याचदा असतं म्हणे. गळ्याखालच्या ग्रंथीचा स्कॅनही काढणार आहेत. ती ग्रंथी काढायचं ऑपरेशन कुणी केलंय का?

इचल_मास्तर:
थायमस. मी केलंय. लगेच फरक पडत नाही, महिने जातात, काहींना वर्षंही. 2016मध्ये मोठा अभ्यास आला त्यात साठपासष्टीच्या आतल्या, विशिष्ट प्रतिपिंडं असलेल्या रुग्णांना फायदा दिसला आणि स्टिरॉइडही कमी लागलं. थायमसमध्ये गाठ नसली तरी. पण आधी श्वास सुधारू दे, मग सावकाश बोलू.

घरचा_वैद्य:
ऑपरेशनची घाई नको. आधी पंचकर्म करून बघा.

माहेर_उत्तरेश्वर:
काका, पुरे.

शिवण_शाहूपुरी:
कटिंग केलेली कापडं टेबलावर तशीच पडलीत, नवरीची दोन आहेत त्यात, मागच्या गळ्याला डोरीवाली. शाहूपुरीच्या आसपास कुणी शिवून देणारं आहे का? अस्तर लावून ठेवलंय, मापाची वही ड्रॉवरमध्ये आहे. शिलाईचे पैसे पूर्ण देईन.

भावाची_ताई:
मी राजारामपुरीत आहे, फॉल-पिकोचं दुकान आहे. ब्लाऊजही शिवते. तुमच्या मुलीला वही घेऊन पाठवा. डोरीला लटकन लावायचेत का नुसत्या गाठी?

शिवण_शाहूपुरी:
लटकन. मोत्याचे, डबीत आहेत.