चर्चा : महामारीने तरुण पिढी व्यसनी झाली, हे विधान कितपत खरे?

तटस्थ
‘घरात कोंडलेल्या तरुणांनी महामारीचा काळ दारू ढोसण्यात आणि गांजा ओढण्यात घालवला आणि आता तेच मानसिक आरोग्याच्या नावाने गळे काढत आहेत’, अशा आशयाचा लेख येथे काल आला. दुर्लक्ष करणार होतो. पण त्याखालची वाहवा वाचून राहवले नाही.

दारू आणि गांजा यांना एकाच मापाने मोजणे, ही लेखातील पहिली गफलत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या ‘मॉनिटरिंग द फ्युचर’ या जुन्या पाहणीत १९ ते ३० वयोगटातील, एका बैठकीत बेसुमार पिणाऱ्यांचे प्रमाण २०२० मध्ये २८ टक्के, म्हणजे तोवरच्या नीचांकावर आले आणि २०२१ मध्ये पुन्हा ३२ टक्क्यांवर गेले. याउलट वर्षभरात एकदा तरी गांजा घेतलेल्यांचे प्रमाण २०११ मध्ये २९, २०१६ मध्ये ३४ आणि २०२१ मध्ये ४३ टक्के होते. ही चढण महामारीच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. तिचे खापर टाळेबंदीवर फोडणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे आहे.

कारणही उघड आहे. या वयात दारूला निमित्त लागते आणि टोळके लागते. बार बंद झाले, वसतिगृहे रिकामी झाली, कित्येक जण आईवडिलांकडे परतले आणि निमित्तच संपले. म्हणून किती प्यायले यापेक्षा कोण एकटे प्यायले आणि कशासाठी, हे विचारायला हवे होते; लेखकाने नेमके तेच विचारलेले नाही.

रोखठोक
आकडे फेकले की वाद संपतो, असा आपला समज दिसतो. पाहणीतली उत्तरे ज्याची त्याने दिलेली असतात. शेजारच्या खोलीत आई बसलेली असताना कोणता मुलगा खरे लिहील? माझा भाचा त्या काळात धूर बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून बसत असे आणि घरातले त्याला अभ्यासू समजत होते. शिवाय दारू एवढी घटली असेल, तर त्याच अमेरिकेत दारूशी संबंधित मृत्यू २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी कसे वाढले, हेही सांगून टाका.

आणि मूळ दुखणे वेगळेच आहे. पुस्तकांची दुकाने बंद ठेवून दारूची दुकाने ‘अत्यावश्यक’ ठरवणारी सरकारे तरुणांना कोणत्या तोंडाने उपदेश करतात?

तटस्थ
मृत्यूंच्या आकड्याने माझेच म्हणणे बळकट होते. सोबतीने पिणारे थांबले, आधीपासून बुडालेले आणखी बुडाले आणि त्यांचे उपचार व आधारगट बंद पडले. सरासरीत हे दोन्ही गट एकमेकांना झाकतात. पाहणीत लपवाछपवी होते, हे मान्य. पण आपल्या भाच्याने ती महामारीच्या आधी केली नसती, असे तर आपले म्हणणे नाही ना?

सांजवारा
‘अत्यावश्यक’ या निर्णयाची खिल्ली उडवणाऱ्यांनी अट्टल पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटताना पाहिलेली नसते. माझा भाऊ तेव्हा पंचविशीत होता. दुकाने बंद झाली आणि त्याला दोन्ही हातांनीही कप धरता येईना; भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून तो रात्रभर भिंत पुसत राहिला आणि पहाटे त्याला आकडीचा झटका आला. असा भ्रम बहुधा दोन ते चार दिवसांत उद्भवतो आणि उपचार न मिळाल्यास जीवावर बेततो, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितले. गांजा तुटला की चिडचिड होते, झोप उडते, जीव सहसा जात नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२० च्या वसंतात दारूची दुकाने चालू ठेवून हौशी, म्हणजे औषधासाठी नव्हे तर मौजेसाठी घेतल्या जाणाऱ्या, गांजाची कायदेशीर दुकाने बंद केली, त्यात निदान एवढा तरी विवेक होता.

रोखठोक
आपल्या भावाबद्दल सहानुभूती आहे. पण एका घरावरून धोरण ठरत नाही. दक्षिण आफ्रिकेने २७ मार्च २०२० पासून दारूविक्री पूर्ण थांबवली, तेव्हा अपघात आणि मारामारीच्या जखमींचे कक्ष ओस पडले. जूनमध्ये विक्री सुरू होताच ते भरले आणि जुलैत पुन्हा बंदी घालावी लागली. अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या महापौरांनी मात्र दारू आणि हौशी गांजाची दुकाने बंद करण्याचा आदेश काढला आणि दुकानांपुढच्या रांगा पाहून काही तासांतच माघार घेतली. याला विवेक नव्हे, कच खाणे म्हणतात.

सांजवारा
‘एका घरावरून धोरण ठरत नाही’ हे वाक्य भाच्याच्या टॉवेलला लागू नाही, असे दिसते! त्याच दक्षिण आफ्रिकेत तेव्हा लोकांच्या फिरण्यावरही कडक निर्बंध होते. जखमी घटण्याचे सगळे श्रेय दारूबंदीला कसे देता?

निशाचर
ज्यांच्याविषयी आपण वडीलधारी मंडळी एवढ्या आत्मीयतेने भांडत आहात, त्यांच्यापैकी मी एक. दुकानांच्या वादात आम्ही दिसेनासे झालो आहोत, म्हणून लिहितो. काम, जेवण, झोप सगळे एकाच पलंगावर चालले होते. लॅपटॉप मिटल्यावर दिवस संपला, हे शरीराला पटवून देण्यासाठी मी गांजा ओढत होतो. पुढे त्याशिवाय झोप येईना. सोडल्यावर कितीतरी रात्री इतकी ठसठशीत स्वप्ने पडली की झोपायची धास्ती वाटू लागली. पूर्वीच्याच मात्रेने पूर्वीसारखे वाटेनासे होणे आणि सोडताना झोपेचे असे हाल होणे नेहमीचेच, हे कळेपर्यंत मी पुन्हा सुरुवात केली होती. ‘किती ओढतोस’ हे सर्वांनी विचारले, ‘संध्याकाळी काय करतोस’ हे कोणीही नाही.

रोखठोक
निशाचर, उत्तर प्रामाणिक आहे, म्हणून टोमणा आवरतो. सांजवारा, उपचारांची सोय आधी आणि दुकानांना टाळे नंतर, एवढा क्रम मी स्वीकारतो. विजयोत्सव साजरा करावा. मात्र २०११ पासूनची चढण दाखवून महामारीला निर्दोष सोडणाऱ्या तटस्थ यांना एक प्रश्न उरतोच. टोळक्याविना घेण्याची सवय ज्यांना त्या काळात लागली, ते टोळके परतल्यावर एकट्याने घेणे थांबवतात की दोन्ही चालू ठेवतात? २८ चे ३२ झाले आणि ४३ खाली आले नाहीत, तर आपण कोणाचे खापर कोणावर फोडणार आहात?