'युनिक्स' मॅक्रो मॅकवर मिळत नाही, -एसटीडी लावल्यावर लिनक्सवरही नाही

प्रश्न
सीमधला एक छोटा प्रोग्राम लिनक्स, मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर चालवायचा आहे. #इफडेफ युनिक्स (युनिक्स हा मॅक्रो, म्हणजे कंपायलरला आधीच माहीत असलेलं नाव, आहे का ते बघणारी ओळ) लावून फाटे फोडलेत. लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने नीट बिल्ड होतो, मॅकवर थेट #एल्समध्ये जातो. मेकफाइलमध्ये -एसटीडी=सी९९ (सी भाषेचं १९९९चं स्टँडर्ड पाळा) घातल्यापासून लिनक्सवरही तेच. शिवाय स्ट्रडपला (स्ट्रिंगची प्रत करणारं फंक्शन) वॉर्निंग येते आणि चालवल्यावर क्रॅश. कंपायलरने आधीच ठरवलेले मॅक्रो बघायचे कसे?

उत्तर १
अंदाज बांधत बसू नका, कंपायलरलाच विचारा:

जीसीसी -डीएम -ई -एक्स सी /डेव्ह/नल | सॉर्ट

डी स्मॉल, एम आणि ई कॅपिटल. मॅकवरच्या क्लँग कंपायलरलाही हेच चालतं. एकदा साधं, एकदा -एसटीडी=सी९९ लावून चालवा आणि दोन्ही आउटपुट डिफला द्या. अंडरस्कोअर नसलेले युनिक्स आणि लिनक्स दुसऱ्यातून गायब दिसतील. स्टँडर्ड मोडमध्ये अशी नावं प्रोग्रामरची, कंपायलरने ती बळकवायची नाहीत. __युनिक्स__, __लिनक्स__ मात्र राहतात.

मॅकवर __युनिक्स__ सुद्धा नसतो. म्हणून अट अशी:

#इफ डिफाइन्ड(__युनिक्स__) || डिफाइन्ड(__ॲपल__)

उत्तर २
क्रॅशचं कारण निराळं. सी९९ मोडमध्ये ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) स्ट्रडपचं डिक्लरेशन लपवते. मग कंपायलर तो इंट परत करतो असं धरतो आणि ६४ बिटांच्या पॉइंटरचे वरचे ३२ बिट हरवतात. जीसीसी १४ पासून ही वॉर्निंग नाही, सरळ एररच येते.

_पॉसिक्स_सी_सोर्स या मॅक्रोला (पॉसिक्स स्टँडर्डमधली फंक्शनं दाखवा असं सांगणारा) २००८०९एल ही किंमत द्या, पण पहिल्या #इन्क्लूडच्या आधी. एखादी हेडर आत आल्यावर दिली तर उपयोग शून्य, तोवर ग्लिबसीच्या फीचर्स.एच हेडरने निर्णय घेतलेला असतो. मॅक आणि फ्रीबीएसडीवर याचा उलटा परिणाम होतो: हाच मॅक्रो लावला की त्यांची खास फंक्शनं दिसेनाशी होतात. मॅकवर सोबत _डार्विन_सी_सोर्स द्या, सोलॅरिसवर __एक्स्टेन्शन्स__. फ्रीबीएसडीवर काहीच न लावणं बरं.

प्रश्नकर्ता
-एसटीडी=ग्नू९९ (सी९९ अधिक जीसीसीच्या खास सोयी) केलं तर दोन्ही कटकटी मिटतील ना?

उत्तर ३
लिनक्सवर मिटतील, पण मग लिनक्स हा शब्दच १ होतो. -डी लिबडिर=/ऑप्ट/लिनक्स/लिब देऊन मॅक्रोने त्याची स्ट्रिंग केलीत, तर हाती येईल "/ऑप्ट/१/लिब". फाइल सापडत नाही आणि सोर्समध्ये तो १ कुठेच दिसत नाही! -यू लिनक्स (तो मॅक्रो काढून टाका) दिलं की सुटतं.

कंपायलर ओळखताना __क्लँग__ आधी तपासा. क्लँग स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवतो, त्यामुळे __ग्नूसी__ तिथेही असतो. अँड्रॉइडवर __लिनक्स__ असतो, म्हणून __अँड्रॉइड__ त्याच्या आधी. नुसता बीएसडी मॅक्रो कंपायलर देत नाही, तो सिस/पॅरम.एचमधून येतो. ती इन्क्लूड न करता तपासलात तर फ्रीबीएसडीवरही अट खोटीच ठरेल.

आणि मेकफाइलमध्ये युनेमवर (सिस्टिमचं नाव सांगणारी कमांड) फाटे फोडू नका. क्रॉस-कंपाइल (एका मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी, म्हणजे टार्गेटसाठी, बिल्ड) करताना तो बिल्ड करणाऱ्या मशीनचं नाव सांगतो, मॅक्रो टार्गेटचं.