तिसरीची वाचन चाचणी: मिनिटाला शब्द मोजायचे, पण पोराला समजलं का ते कुठं लिहायचं? मदत हवी आहे

डोंगराकडच्या बाई

नमस्कार मंडळी, मी पन्हाळा तालुक्यात झेडपीच्या दोन शिक्षकी शाळेत आहे, तिसरी-चौथी माझ्याकडं. कोल्हापूर जिल्ह्यातले बरेच शिक्षक इथं असतात म्हणून विचारते, बाकीच्यांनी पण सांगा.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या लहान वर्गांच्या वाचन-गणित मोहिमेत तिसरीच्या शेवटी मुलानं अनोळखी उतारा मिनिटाला किमान 60 शब्द वाचावा, तोही अर्थ समजून, असं ध्येय आहे. दुसरीसाठी 45 ते 60. 2021 च्या जुलैत हे सुरू झालं आणि 2026-27 पर्यंत सगळी मुलं तिथं पोचवायची आहेत. ध्येयाबद्दल माझी तक्रार नाही, उलट मला ते पाहिजेच आहे, कारण आधी पोरगं पाचवीला हायस्कूलात गेलं की तिथले सर सांगायचे याला जोडाक्षर वाचता येत नाही, तवर कुणालाच पत्ता नसायचा. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला पाहिजे त्याची यादी, भिंतीवर लागल्यापासनं निदान आई-बापाला बोट ठेवून दाखवता येतं की हे यायला पाहिजे होतं, हे आलंय, हे राहिलंय.

पण आम्हाला जो तक्ता भरून द्यायचा असतो त्यात मुलाचं नाव, मिनिटाला शब्द आणि निपुण आहे की नाही, एवढेच रकाने. अर्थ समजून वाचण्याचा भाग ध्येयात आहे, तक्त्यात नाही. शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, पण चर्चा फक्त आकड्याचीच, कुठली शाळा किती टक्के.

परवाचं सांगते. उतारा होता म्हातारीच्या शेळीचा. शेळी चरत चरत ओढ्यापलीकडं जाते, पाऊस येतो, ओढ्याला पाणी चढतं, म्हातारी अलीकडनं हाका मारते आणि शेळी वरच्या अंगाच्या साकवावरनं घरी येते. एका मुलानं हा उतारा धडाधडा वाचला, पूर्णविराम बिराम काही नाही, साठच्या वर सहज गेला. विचारलं शेळी घरी कशी आली रे, तर म्हणाला पाऊस आला. परत विचारलं, परत पाऊस आला. दुसरी एक मुलगी, शब्दाखाली बोट धरून वाचते, ओढ्यापलीकडच्या या एका शब्दावर तीनदा थांबली, मिनिट संपलं तेव्हा 34 शब्द झाले होते. घड्याळ बाजूला ठेवलं आणि म्हटलं पुढचं वाच बाळ. सगळं वाचून झाल्यावर मी न विचारताच म्हणाली, "बाई, शेळीला साकव आधीच ठाऊक हुता, हाकेनं न्हाई आली ती." उताऱ्यात असं कुठं लिहिलेलं नाही हो, तिनं ते ओळखलं. आणि तक्त्यात तो निपुण, ही नाही.

त्यात आणखी, आमची पोरं होता ला हुता आणि नाही ला न्हाई वाचतात. छापलेलं बरोबर ओळखलंय, तोंडात घरची बोली आहे. एकदा तपासणीला आलेल्यांनी या सगळ्या चुका धरल्या आणि पोरगं पुढच्या ओळीला आवाजच काढेना. आणि मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, हिंदीत घर के सामने हे तीन शब्द, आपल्याकडं घरासमोर हा एकच, मग 60 चा आकडा मराठी पोराला जास्त जड पडत नसेल का?

तर मला विचारायचंय ते असं की तुम्ही समजलंय की नाही याची नोंद कशी ठेवता, आणि ती वरच्यांना कशी दाखवता? आणि रोजच्या तासात वेग आणि समज दोन्ही कसं बसवता, तेही दोन वर्ग एकत्र असताना? आकडा वाढवायच्या नादात माझे गोष्टीचे तास कमी होत चाललेत, हे मला सहन होत नाही.

आजऱ्याचे गुरुजी

मॅडम, आधी बोलीचं. न्हाई ही चूक नाहीच. अमेरिकेत डिबेल्स म्हणून एका मिनिटाची वाचन चाचणी शाळाशाळांत घेतात, तिच्या नियमातच आहे की बोलीमुळं उच्चार वेगळा झाला तर चूक धरायची नाही, आणि मुलानं तीन सेकंदांच्या आत स्वतःच दुरुस्त केलं तर तेही बरोबर. पुढच्या वेळी तपासणीला कोण आलं तर शांतपणे एवढंच सांगा.

नोंदीसाठी मी तक्त्याच्या उजव्या अंगाला पेनानं एक रकाना आखतो. तीन प्रश्न, एकाचं उत्तर उताऱ्यात सरळ असतं, एकाचं दोन वाक्यं जोडून निघतं, एक का असं झालं याचा. तीनपैकी किती ते लिहितो. केंद्रप्रमुखांनी पहिल्यांदा विचारलं हे कशाला, मी म्हटलं साहेब ध्येयात आहे म्हणून. आता काही बोलत नाहीत. तुमच्या शेळीवाल्या मुलीसारखी उत्तरं आली तर तारखेसकट शब्दशः लिहून ठेवा, पालकसभेत आकड्यापेक्षा तेच वाचून दाखवा.

गल्लीतली ताई

मी कॉलेजला असताना असरच्या, म्हणजे प्रथम संस्थेच्या घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाला गावात फिरले होते. त्यात घड्याळ नसतंच. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच, आणि मूल शब्द सुटे सुटे वाचतंय की वाक्य म्हणून वाचतंय ते बघायचं. घरात बसून, आईसमोर, म्हशीच्या धारा चाललेल्या असताना पोरं बिनधास्त वाचायची. शाळेत मोबाईलचा टायमर समोर ठेवला की त्याच पोरांचं काय होत असेल! तुमच्या त्या बोट धरून वाचणाऱ्या मुलीकडनं टायमर न दाखवता एकदा वाचून घ्या, किती फरक पडतो बघा.

निवृत्त मास्तर, कागल

बाई, तुमची कळकळ पोचली, पण मी थोडं उलटं बोलणार, राग मानू नका. वेगाला शत्रू समजू नका. जी मुलगी आज शब्दाशब्दाला बोट लावते तिची सगळी ताकद अक्षर उलगडण्यात जाते, तिसरीचा छोटा उतारा आहे म्हणून ती तरून जाते. पाचवीत इतिहासाचं एक पान आलं किंवा गणितात चार ओळींचं उदाहरण आलं की वाक्याच्या शेवटाला पोचेतोवर सुरुवात विसरलेली असते. तेव्हा तिची हुशारी कुणाला दिसणार नाही, तीच स्वतःला ढ समजायला लागेल. अशी पोरं मी बघितलीत. 2000 साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं ध्वनीची जाण, अक्षर-ध्वनी मेळ, ओघ (म्हणजे न अडखळता वाचणं), शब्दसंग्रह आणि आकलन असे पाच भाग मांडले, त्यात ओघ आकलनाच्या जोडीनं आहे, आकलनाविरुद्ध नाही.

पण आकड्यावरनं शाळेची अब्रू ठरवायला लागलं की काय होतं तेही बघा. तिकडं 2002 मध्ये नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायदा आला, तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, 2014 पर्यंत शंभर टक्के मुलं प्रवीण करायची असं ठरलं. अटलांटात शिक्षकांनीच उत्तरपत्रिकेतली चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली, 2015 मध्ये कोर्टानं 11 जणांना दोषी ठरवलं. 2015 च्या डिसेंबरात नवा कायदा आणून ते लक्ष्य काढलं, परीक्षा मात्र दरवर्षी चालूच राहिल्या.

तेव्हा तुमच्या त्या दोघांना औषध वेगवेगळं द्या. मुलीला एकच ओळखीचा उतारा आठवडाभर रोज मोठ्यानं वाचायला द्या, लांब शब्द तोडून फळ्यावर लिहा, ओढ्या, पली, कडच्या, मग जोडा. मुलाला वेग पुरे झाला, त्याला प्रत्येक पूर्णविरामाला थांबून आत्ता काय झालं ते सांगायला लावा.

डोंगराकडच्या बाई

गुरुजी, ताई, मास्तर, मनापासून आभार. मास्तर, राग कसला, तुम्ही बोललात ते पटलं, मुलीचा वेग वाढला पाहिजे हे मला पण दिसतंय, फक्त ती निपुण नाही म्हणून तिच्या आईला कागद जाऊ नये एवढंच वाटत होतं, कारण ती माऊली तोच कागद घेऊन पोरीला दोन थोबाडीत देईल. दोघांना शेजारी बसवून बघते, तो वाचेल आणि ही विचारेल, मग उलट. चौथीची पोरं तेवढ्या वेळात गणित सोडवतील.

उजवीकडचा रकाना उद्याच आखते. आता एक अडचण, अनोळखी उतारे संपत आलेत, पाठ्यपुस्तकातले सगळे पोरांना पाठ आहेत. तिसरीच्या पातळीचे, आपल्याकडचं शेत, गुऱ्हाळ, बाजार असलं काहीतरी असलेले आणि तीन प्रश्नांसकट उतारे कुणी तयार केले असतील तर इथंच टाका, मी माझा शेळीचा आणि आणखी दोन आज रात्री टाईप करून टाकते. मराठीला 60 चा आकडा जड आहे का याचं उत्तर पण कुणी वर्गात मोजून बघितलं असेल तर सांगा.