मदत हवी आहे: बाभळीचं सरपण किती वाळवावं?

धुऱ्यावरची जुनी बाभूळ वादळात पडली. खोड मांडीएवढं, आतून लालसर तपकिरी. आम्ही यवतमाळकडचे, आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. पऱ्हाटी न् तुराट्या भुर्रकन जळून जातात, म्हणून हे लाकूड कामाचं. वाळलेल्या बाभळीच्या गाभ्यात किलोमागं ४९५० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते, निखाराही दमदार. पण आत्ता पेटवलं तर टोकातून फेस येतो, धुरानं आई वैतागते. फोडून किती महिने वाळवावं? साल काढूनच रचावं का? न सोललेल्या फांद्यांतून पिवळट भुसा गळतोय, भुंगाच असणार. आणि धावडा वापरणाऱ्यांनो, खरं सांगा, बाभळीपेक्षा तो सरस आहे का? आमचे काका तर धावड्याशिवाय दुसऱ्या लाकडाला सरपण म्हणतच नाहीत!